दुसरा कप्पा

"टाकी कुठाय?" इंगवल्यांनी विचारलं.
मी म्हटलं, मागे.
मागे म्हणजे कुठे?
मागे म्हणजे मागेच.
पस्तीस वर्षं ती मागे होती,
आम्ही पुढे राहत होतो.

इंगवले खरेदीदारांनी पाठवलेले.
खिशात टॉर्च, हातात सहा फुटी सळई,
आणि एक फॉर्म, ज्यात घराला
हॉल नव्हता, बाल्कनी नव्हती,
सिंहगड दिसणारी खिडकी नव्हती.
होतं फक्त काय कुठून जातं
आणि कुठे साठतं.

किरकटवाडीत ड्रेनेजची लाईन
येणार येणार म्हणून रस्ता दोनदा उकरला,
दोनदा बुजवला.
तोवर ज्याचं त्याच्या पोटात.

सळई फिरली.
कढीपत्त्याजवळ ठक्क. खडक.
धुण्याच्या दगडापाशी माती, माती, माती.
शेजारच्या रेगेबाई गच्चीवरून ओरडल्या,
"तुमचे बाबा पपईला कधी पाणी घालायचे नाहीत.
तिथं बघा!"

पपई.
कुणी न लावलेली, दर साली लगडलेली.
अख्ख्या गल्लीनं खाल्लेली,
रेगेबाईंनी सर्वांत जास्त.
गच्चीवरचा आवाज
यानंतर दिवसभर आला नाही.

टँकर घेऊन दत्तू लोखंडे आला.
पहारीनं झाकण उचकटलं,
आणि सगळे दोन पावलं मागे सरलो,
तो एकटा तिथंच उभा.
"आत कुणी उतरायचं नाही हं," इंगवले म्हणाले.
"पाईप उतरंल," दत्तू म्हणाला.
मग नळी सोडता सोडता, कुणाकडे न बघता,
"चुलता उतरला होता माझा. मोशीला.
दोघं होते."
मोटर सुरू झाली.
त्यापुढचं काही ऐकू आलं नाही,
आणि मोटर बंद झाल्यावर
मी विचारलं नाही.

रिकाम्या टाकीत टॉर्च फिरला.
"एकच कप्पा आहे."
नाही हो, दोन आहेत.
हा बघा नकाशा, बाबांच्या हातचा:
दोन कप्पे, मधली भिंत, पलीकडे शोषखड्डा,
बाण सुद्धा दाखवलेत, कुठून कुठे.
"ताई, कागदावर आहेत."

माझे बाबा. खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात
शेडभर बंदरं मांडायचे,
गुडघाभर समुद्रात मोजपट्टी घेऊन उभे राहायचे,
लाट दोन मिलिमीटर चुकली
तर रात्रभर झोपायचे नाहीत.

कपाटाच्या तळाशी बांधकामाची वही सापडली.
'१४ जून ८९. इस्माईल मिस्त्री. टाकी, दोन कप्पे.'
'दोन'वर काट.
वर बारीक अक्षरात, 'तूर्त एक.'
पुढच्या ओळीत:
'सुमित्रा, सांगली. कॉलेज, मेस, ट्रंक. २७५०.'
पुढे सिमेंट, वाळू, कौलं,
चहाचे सुद्धा पैसे लिहिलेत.
टाकीचं नाव परत नाही.

ती ट्रंक हिरवी होती.
कुलूप नवं होतं, पितळी.
मी म्हटलं होतं, एवढं महागडं कशाला?
ते म्हणाले होते,
वस्तू एकदाच घ्यावी, नीट घ्यावी.

संध्याकाळी खरेदीदारांचा फोन आला.
मुलगा चांगला आहे, अडखळत बोलला:
नवी टाकी बांधावी लागेल, काकू,
ऐंशी हजार कमी केले तर…
कर, म्हटलं. कर.

इंगवल्यांनी फॉर्म पुढे केला, सहीसाठी.
एक रकाना मोकळा होता.
"दुसऱ्या कप्प्याचं काय लिहू? बुजवला?"
म्हटलं, लिहा, सांगलीला आहे.
त्यांनी पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं,
मग लिहिलं, 'आढळला नाही.'

दत्तूला दोन पपया दिल्या.
त्यानं हुंगून पाहिल्या, हसला,
पुढच्या सीटवर ठेवल्या.

त्या रात्री फ्लश दाबून
बल्ब न लावता उभी राहिले.
पाणी भिंतीतून उतरलं,
फरशीखालून गेलं,
कढीपत्त्यापाशी वळलं असावं.
मी कान देऊन
शेवटपर्यंत गेले.